‘स्वयम्’ : वीज न वापरता दिशा धरणारा विद्यार्थी-उपग्रह

पूर्वतयारी : बारावीचे चुंबकत्व आणि सरल आवर्ती गती.

या टिपणात आपण पाहणार आहोत : (१) एक किलोच्या उपग्रहाला वीज किती मिळते, (२) विजेशिवाय त्याला दिशा कशी देता येते, (३) या पद्धतीच्या मर्यादा, (४) स्पर्धेसाठी छोटा उपग्रह बनवणाऱ्या संघाने यातून काय घ्यावे.

१. पार्श्वभूमी

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात २० उपग्रह सुमारे ५०५ किमी उंचीच्या ध्रुवीय कक्षेत सोडले. मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७२७.५ किलोचा. त्याच्या सोबत सुमारे १ किलोचा ‘स्वयम्’ होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी तो तयार केला होता. हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारे १० किलोचा उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ ने गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हे त्याचे उद्दिष्ट होते. ‘प्रथम’ने दिशा सांभाळण्यासाठी संवेदक, संगणक आणि विद्युत-चुंबकीय वेटोळी वापरली. ‘स्वयम्’ने यातले काहीच न वापरता कायमस्वरूपी चुंबक आणि हिस्टेरिसिस रॉड यांवर काम भागवले. असे का, हा या टिपणाचा मुख्य प्रश्न आहे.

२. विजेचे अंदाजपत्रक

‘स्वयम्’चा आकार क्यूबसॅटचा, म्हणजे १० सेमी बाजूचा घन. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट असते. उदाहरणापुरते धरू की एका बाजूवर ६० चौ. सेमी सौरघट आहेत, त्यांची कार्यक्षमता २८ टक्के आहे आणि त्या बाजूवर ऊन सरळ पडते.

मिळणारी वीज = १३६१ × ०.००६ × ०.२८ ≈ २.३ वॅट

५०५ किमी उंचीवर एका प्रदक्षिणेला सुमारे ९५ मिनिटे लागतात आणि त्यांतली जास्तीत जास्त ३६ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत जातात. म्हणून सरासरी उरते ती जेमतेम १.४ वॅट. घरातल्या लहानशा एलईडी दिव्यालाही याहून जास्त लागते. एवढ्यात संगणक चालवायचा, रेडिओ चालवायचा आणि सावलीसाठी बॅटरीही भरायची. दिशा-नियंत्रणाला वेगळा वाटा काढला तर तो मुख्य कामातूनच कापावा लागतो.

३. चुंबक दिशा देतो, रॉड डोलणे थांबवतात

प्रक्षेपकापासून सुटताना उपग्रह थोडाफार गडगडत असतो. त्यात कायमस्वरूपी चुंबक बसवला तर होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या क्षेत्ररेषेकडे वळू पाहतो. टॉर्क = चुंबकीय आघूर्ण × क्षेत्र × कोनाची ज्या.

पण होकायंत्राच्या सुईला टेकूवर घर्षण असते, म्हणून ती थोडा वेळ हलून थांबते. अवकाशात घर्षण जवळजवळ नाही. नुसता चुंबक लावलेला उपग्रह रेषेच्या दोन्ही बाजूंना डोलतच राहील. ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि ते काम हिस्टेरिसिस रॉड करतात.

हे रॉड सहज चुंबकित होणाऱ्या मऊ चुंबकीय मिश्रधातूचे असतात आणि चुंबकाच्या अक्षाला काटकोनात बसवतात. उपग्रह डोलतो तसे रॉडच्या लांबीवरचे क्षेत्र एकदा धन, एकदा ऋण होते. रॉडचे चुंबकन या बदलाच्या थोडे मागे राहते. आलेखावर त्याचे बंद वेटोळे तयार होते. वेटोळ्याचे क्षेत्रफळ गुणिले रॉडचे घनफळ एवढी ऊर्जा प्रत्येक आवर्तनात उष्णता होऊन जाते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आपण हाच ऱ्हास टाळण्याची धडपड करतो. इथे तोच हवा आहे.

४. सोडवलेले उदाहरण

चुंबकीय आघूर्ण ०.३ अँपिअर-चौ. मीटर आणि क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला धरू. (हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, ‘स्वयम्’चे नाहीत.)

घनाचे जडत्व आघूर्ण = वस्तुमान × बाजूचा वर्ग ÷ ६ = १ × ०.०१ ÷ ६ ≈ ०.००१६७ किलो-चौ. मीटर

जास्तीत जास्त टॉर्क = ०.३ × ०.००००३ = ०.०००००९ न्यूटन-मीटर

लहान डोलण्याचा आवर्तकाल = २ × ३.१४ × √(०.००१६७ ÷ ०.०००००९) ≈ ८५ सेकंद

ध्रुवीय कक्षेत क्षेत्राची दिशा एका प्रदक्षिणेत दोनदा फिरते, म्हणजे साधारण ४७ मिनिटांत एकदा. त्या मानाने ८५ सेकंद फार थोडे आहेत. म्हणून उपग्रह बदलत्या क्षेत्ररेषेच्या मागे आरामात जाऊ शकतो.

५. मर्यादा

• चुंबक क्षेत्ररेषेची दिशा धरतो, जमिनीची नव्हे. उत्तरेकडे जो पृष्ठभाग खाली पाहतो तोच दक्षिणेकडे वर पाहतो. विषुववृत्तालगत क्षेत्ररेषा जवळजवळ आडव्या असतात. पुण्यावरही त्या उभ्यापेक्षा आडव्याच जास्त आहेत. अँटेना निवडताना हे लक्षात घ्यावे लागते.

• चुंबकाच्या अक्षाभोवतीचे फिरणे मोकळे राहते. म्हणून सौरघट सगळ्या बाजूंनी लावणे सोयीचे.

• चुंबक फार जोरदार असेल तर त्याच्याच क्षेत्राने रॉड संपृक्त होतात आणि ऊर्जा जिरणे कमी होते.

• काही अंशांची चूक राहतेच. सर्व बाजूंना पसरणाऱ्या रेडिओ संदेशाला ती चालते. ठरावीक गावाचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला चालणार नाही.

६. स्पर्धेच्या संघासाठी

कॅनसॅट स्पर्धेत शीतपेयाच्या डब्याएवढा ‘उपग्रह’ उंचावरून पॅराशूटने खाली सोडतात. तिथेही हिशेब हाच असतो. बहुतेक संघ आधी सुटे भाग खरेदी करतात आणि मग काम शोधतात. क्रम उलटा हवा : आधी काम एका वाक्यात लिहा, त्याला किती अचूकता लागते ते ठरवा आणि मग तेवढे भागवणारी सर्वांत साधी रचना निवडा. प्रत्येक भागापुढे ग्रॅम, वॅट आणि माहितीचा वेग हे तीन आकडे लिहिता आले पाहिजेत.

दुसरी गोष्ट नोंदींची. ‘स्वयम्’ला सुमारे आठ वर्षे लागली आणि पदवी चार वर्षांची असते. ज्यांनी आराखडा मांडला, त्यांच्या हातून जोडणी झाली नाही. एखादा पर्याय का नाकारला हे लिहून ठेवलेले नसेल, तर पुढची बॅच तोच वाद पुन्हा घालते आणि एक सत्र वाया जाते.

सराव प्रश्न

१. वरील उदाहरणात चुंबकीय आघूर्ण दुप्पट केले तर आवर्तकाल किती होईल? (उत्तर : सुमारे ६० सेकंद)

२. रॉड चुंबकाच्या अक्षाला समांतर बसवले तर काय बिघडेल?

३. ‘प्रथम’सारख्या १० किलोच्या उपग्रहाला सक्रिय नियंत्रण का परवडते? पृष्ठभाग आणि वस्तुमान यांचा विचार करून पाच ओळींत लिहा.

४. तुमच्या संघाच्या कॅनसॅटमधला कोणता भाग काढला तरी मुख्य काम होईल? कारण द्या.