संशयकल्लोळ आणि गावची हौस

भाईंदर स्थानकावरून उत्तनच्या दिशेने निघालेल्या रस्त्यावर मुर्धे, राई आणि मोर्वा ही जुनी गावे एकापाठोपाठ लागतात. मिठागरे आणि खाडी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या गावांचा कारभार एके काळी ग्रामपंचायतीच्या कचेरीतून चाले. १९८५ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर नगरपरिषदेत ती पुढे सामील झाली आणि २००२ साली त्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. दफ्तरी गावाचे शहर झाले, तरी गणपती, नवरात्र, जत्रा किंवा सत्यनारायणाची पूजा यांचे निमित्त साधून गावकऱ्यांनीच तोंडाला रंग लावून नाटक उभे करावे, ही ठाणे-रायगडच्या किनारपट्टीवरील आगरी-कोळी गावांची हौस कोणत्याही सरकारी हुकमाने लयाला जाणारी नव्हे. राईसारख्या गावातील एखाद्या हौशी मंडळाने संगीत आणि विनोद या दोहोंनी युक्त असे नाटक बसवण्याचे मनात आणले, तर त्याने प्रथम गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चा विचार करावा, असे माझे मत आहे. ‘गाणारे नट आणायचे कोठून?’ हा त्यावर हमखास येणारा आक्षेप. पण या नाटकाचा पूर्वेतिहास पाहिला असता त्यातील बरेचसे भय निराधार ठरते.

सांगलीजवळच्या हरिपूर येथे १८५५ साली जन्मलेले देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य आणि नटांना तालीम देण्यात अत्यंत निष्णात. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० साली पॅरिसमध्ये एक संशयी नवरा रंगभूमीवर आणला आणि ती भूमिका स्वतःच केली. त्या कथानकाच्या आधारे आर्थर मर्फी याने १७६१ साली इंग्रजी विनोदी नाटक रचले. आणि त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे मराठी नाटक सिद्ध केले. ते संपूर्ण गद्य होते. त्यात पदे घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावाने गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले १९१६ साली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये देवल निवर्तले असल्यामुळे तो सोहळा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तात्पर्य, पदांवाचून जे नाटक दोन दशकांहून अधिक काळ अस्तित्वात होते, त्याचा प्राण केवळ पदांत असणे संभवत नाही.

तो प्राण रचनेत आहे. रेवती ही नायकिणीची मुलगी आपला प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर जवळ बाळगून असते. तिला भर रस्त्यात मूर्च्छा येते आणि प्रौढ वयाचे फाल्गुनराव निव्वळ भूतदयेने तिला सावरतात. त्यांची पत्नी कृत्तिका हे दृश्य पाहते आणि आपला नवरा परस्त्रीच्या नादी लागल्याचा निष्कर्ष काढते. खाली पडलेली तसबीर तिच्या हाती लागते; ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला पाहतात, आणि आपल्या पत्नीचे मन या तरुणावर जडले आहे अशी त्यांचीही खात्री होते. पुढे अश्विनशेठ आणि रेवती हेही त्याच आवर्तात ओढले जातात. यातील एकही पात्र खलप्रवृत्तीचे नाही आणि कोणी फारसे खोटेही बोलत नाही; प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले खरे असते, फक्त त्यावरून काढलेले अनुमान चुकलेले असते. आपल्याला सत्य ठाऊक आहे आणि पात्रांना नाही, एवढ्याच भांडवलावर प्रेक्षक हसतो; म्हणून येथे अंगविक्षेपांची वा पदरच्या कोट्यांची भर घालणारा नट नाटकाचे नुकसानच करतो. फाल्गुनरावाने आपला संशय पूर्ण गांभीर्याने बाळगावा. गणपतराव बोडसांची ही भूमिका नाट्यरसिकांच्या पिढ्यांनी वाखाणली आहे. बोडस गायनासाठी नव्हे, तर अभिनयासाठी विख्यात होते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

रेवतीची भूमिका मात्र अलौकिक गळ्याच्या बालगंधर्वांची होती, आणि संगीत नाटकाचे वैभव व त्याच्या ऱ्हासाचे बीज ही दोन्ही तेथेच एकत्र नांदत होती. प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’चा पुकारा करावा, गायकाने तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा आळवावे आणि कथानकाने तोवर तिष्ठत राहावे, असा प्रकार रूढ झाला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटाने नवे युग सुरू केले, तेव्हा थोडक्या दरात आणि थोडक्या वेळात गाणे व गोष्ट एकत्र देणाऱ्या त्या प्रतिस्पर्ध्यापुढे नाटक मंडळ्यांचा निभाव लागला नाही. हौशी मंडळाजवळ तसा अलौकिक गळा नसतो ही उणीव खरीच, परंतु तीमुळे पद आटोपशीर राहते आणि प्रसंगाच्या अंकित राहते, हा लाभही लहान नव्हे.

आता व्यवहाराकडे वळू. स्वरात पक्क्या अशा दोन व्यक्ती, रेवती आणि अश्विनशेठ यांच्यासाठी, आधी निवडाव्यात आणि उरलेल्या भूमिका नंतर वाटाव्यात. ऑर्गन आणि तबला यांची साथ रंगीत तालमीच्या दिवशी उगवू नये. निदान शेवटचे काही आठवडे वादक तालमीस हजर असावेत, कारण संवादातून पदात शिरण्याची जागा नट आणि वादक यांनी मिळूनच पक्की करावी लागते. वेषभूषा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने मिळते, परंतु विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या भरवशावर विनोदी संवाद सोडता येत नाहीत. करुण प्रसंगात क्षणभराचा विलंब खपून जातो, विनोदात तोच घातक ठरतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपुष्टात येत असल्यामुळे देवलांच्या संहितेस मानधनाचा बोजा नाही. मात्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि ध्वनिक्षेपकाचा पोलिसी परवाना यांची तजवीज वेळीच करावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई आहे आणि सवलतीच्या मोजक्या दिवशीही मध्यरात्र ही मर्यादा आहे. तेव्हा पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगाची गोष्ट विसरून पदांना निर्दयपणे कात्री लावणे क्रमप्राप्तच आहे. गाळायचे असेल तर पद गाळावे. गैरसमजाच्या साखळीतील एकही दुवा गाळू नये.

संगीत नाटक आज मोठ्या अंशी अशा हौशी हातांनीच जिवंत ठेवले आहे. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून गावकरी अजून ही नाटके करतात, रत्नागिरीच्या ‘खल्वायन’सारख्या संस्था त्यांच्यासाठी झटतात, आणि राज्य शासन हौशी कलावंतांसाठी संगीत नाटकांची स्वतंत्र स्पर्धा भरवते. व्यावसायिक रंगभूमीवरही प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हेच ‘संशयकल्लोळ’ पुन्हा आणले, तेव्हा नव्या प्रेक्षकाने त्यास आनंदाने दाद दिली. मीरा-भाईंदरास २०२२ साली लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृहही लाभले आहे. बाहेरून आलेल्या नाटकांची तिकिटे काढून रसिकता टिकते, हे खरे. पण गावातील वीस माणसे काही महिने एकत्र बसून एक संहिता पाठ करतात, तेव्हा जी रसिकता उपजते ती विकत मिळत नाही. राई, मुर्धे, मोर्व्याच्या तरुण मंडळींनी येत्या उत्सवासाठी देवलांची संहिता मिळवून तिचे पहिले वाचन करावे, आणि ज्यांना रंगमंचावर उभे राहणे जमणार नाही त्यांनी तालमीस जागा, वादकांस बिदागी आणि प्रयोगास आपली हजेरी द्यावी.