‘हाऊ’ काढा, ‘व्हेरी’ घाला

दहावीची पहिली एस.एस.सी. परीक्षा 1975 मध्ये झाली. तेव्हापासून शहापूर-मुरबाडच्या मराठी शाळांतून बाहेर पडलेल्यांना इंग्रजीतले दुसरे काही आठवो न आठवो, ‘मेक इट ॲसर्टिव्ह’ बहुतेकांना आठवते. ‘हाऊ ब्यूटिफुल द फ्लॉवर इज!’ दिसले की ‘हाऊ’ काढायचा, ‘व्हेरी’ घालायचा, कर्ता पुढे आणायचा आणि उद्गारचिन्ह पुसून पूर्णविराम द्यायचा. मार्क हमखास. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे इथल्या पोरांवर ते फूल इंग्रजीतून कुणाला दाखवायची वेळ क्वचितच आली, ती गोष्ट वेगळी.

वाक्यप्रकारांची ही वर्गवारी आपल्याकडे नेसफिल्डच्या आणि नंतर रेन-मार्टिनच्या व्याकरणांतून रुजली. (यातला रेन म्हणजे 1924 ची ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी लिहिणारा. वाक्ये मोडून-जोडून दाखवणाऱ्या त्या रुक्ष पुस्तकावरून कुणाला शंकाही येणार नाही.) अर्थावरून विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी, रचनेवरून सिंपल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणापासून मराठी व्याकरणावरही इंग्रजीची छाप आहेच. त्यामुळे मराठीच्या तासाला केवल, मिश्र, संयुक्त शिकलेले पोर इंग्रजीच्या तासाला तेच प्रकार नव्या नावांनी पुन्हा पाठ करायचे. दोन्ही तास कित्येकदा एकाच गुरुजींचे, पण हे तेच आहे असे सांगितले जायचे नाही. मला ती मोठी हुकलेली संधी वाटते.

कारण उदाहरणे दारातच होती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत या तालुक्यांतले वर्ग ओस पडत. ‘आवणी संपली आणि पोरे शाळेत आली’ हे संयुक्त. ‘जेव्हा आवणी संपली तेव्हा पोरे शाळेत आली’ हे मिश्र. ‘आवणी संपल्यावर पोरे शाळेत आली’ हे केवल. एवढे फळ्यावर लिहून मग इंग्रजीकडे वळले असते, तर ‘अँड’, ‘व्हेन’ आणि ‘आफ्टर’ यांची कामे पाठांतराविना कळली असती. त्याऐवजी ‘नो सूनर’ आले की ‘दॅन’, ‘अनलेस’ आले की ‘नॉट’ काढा, ‘टू’ घालवायचा तर ‘सो… दॅट’, असे तोडगे गाइडमधून वहीत उतरत गेले.

अर्थावरून केलेले प्रकार तर त्याहून फसवे. ‘पाणी आणतोस का?’ असे आईने विचारले की पोरगा उत्तर देत बसत नाही, हंडा उचलतो. रूप प्रश्नाचे, काम आज्ञेचे. ‘विल यू शट द डोअर?’चेही तेच. पेपरात मात्र प्रश्नचिन्ह पाहून ‘इंटरॉगेटिव्ह’ लिहायचे. आश्रमशाळेतल्या कातकरी, ठाकर मुलांना तर पुस्तकी मराठीच आधी शिकावी लागे. त्यांच्यासाठी हे सगळे नुसत्या खुणा ओळखण्यावर आले.

2000 पर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचे. त्या वर्षी ते पहिलीपासून आले, गाणी आली, संवाद आले. पुढे दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. वाक्याचा प्रकार ओळखण्याचा प्रश्न काही गेला नाही.

आणि दहावीनंतरही हा धडा मिटत नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. पहाटे मैदानावर धावून आलेली पोरे अभ्यासिकेत पुन्हा केवल, मिश्र, संयुक्त घोकतात. एमपीएससीकडे वळणाऱ्यांना त्याच्या जोडीला ‘हाऊ’ काढून ‘व्हेरी’ही घालावा लागतो.