स्केटबोर्ड-इजा, सायकलशी होणाऱ्या टकरीतील

स्केटबोर्ड-इजा, सायकलशी होणाऱ्या टकरीतील : चाके बसविलेल्या फळीवर उभी राहून जाणारी व्यक्ती आणि सायकल वा तत्सम पायचलित वाहन यांची टक्कर होऊन झालेल्या इजांचा हा वर्ग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत स्केटबोर्डवरील व्यक्तीची गणना वाहनचालकांत न करता पादचाऱ्यांत केलेली आहे. त्यामुळे तिला सायकलची धडक बसल्यास तिची नोंद सायकलच्या धडकेने जखमी झालेला पादचारी म्हणून, व्ही ०१ या क्रमांकाखाली होते. पायांत चाकांचे स्केट घातलेले मूलही याच वर्गात मोडते. ही वर्गवारी व्यवहाराला धरून आहे. कारण स्केटबोर्डला ब्रेक, घंटा वा दिवा यांपैकी काहीच नसते, वेग मात्र सायकलीचा असतो.

स्केटबोर्डच्या चाकाचा व्यास सामान्यतः ५ ते ६ सेंमी. असतो. सायकलचे मोठे चाक ज्या खड्यावरून सहज निघून जाते त्याच खड्याशी हे चाक अडते. फळी थांबते आणि शरीर पुढे फेकले जाते. दोघे समोरासमोरून प्रत्येकी ताशी १५ किमी. वेगाने येत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला ८ मी.हून अधिक कमी होते. धोका लक्षात येऊन हालचाल करण्यास एक सेकंद लागला, तरी तेवढे अंतर संपलेले असते. पडलेल्या मुलाच्या पायाखालून निसटलेली फळी सायकलच्या चाकाखाली जाते व सायकलस्वारही कोसळतो, म्हणून अशा अपघातात दोघांचीही तपासणी करावी लागते.

पडताना मनुष्य स्वाभाविकपणे तळहात टेकवितो. त्यामुळे मनगटाजवळ, प्रकोष्ठाच्या अंगठ्याकडील हाडाच्या खालच्या टोकाचा अस्थिभंग वारंवार आढळतो. मुलांमध्ये हाडाची लांबी वाढविणारी कूर्चाही दुखावते. मनगटातील नौकाकृती अस्थीचा भंग पहिल्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यास दुखत असेल, तर मनगट स्थिर ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र घेतात. याकडे दुर्लक्ष झाल्यास रक्तपुरवठ्याअभावी त्या हाडाचा एक भाग निर्जीव होण्याचा संभव असतो.

सर्वांत फसवी इजा हँडलच्या टोकाची. पोटावर एक लहानसा गोल वळ उमटतो, मूल उठून चालू लागते आणि घरचे निश्चिंत होतात. पण आत यकृत, प्लीहा, अग्निपिंड किंवा ग्रहणी यांना इजा झालेली असू शकते. पोटदुखी व उलट्या काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात. डोक्यालाही असेच घडते : कवटीच्या आत, मेंदूच्या बाह्य आवरणावर रक्त साचत असताना रुग्ण मधला काही काळ अगदी शुद्धीवर असतो.

धामणगाव रेल्वेसारख्या वऱ्हाडातील गावांत स्केटबोर्ड विरळाच. तेथे धडक बसते ती चाकांचे स्केट घालून डांबरी रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलाला. इजेचे स्वरूप तेच असते. हे गाव लोहमार्गावर बडनेरा व वर्धा यांच्या साधारण मध्यावर आहे. पोटाच्या वा डोक्याच्या गंभीर इजेवर शस्त्रक्रिया करण्यासाठी अमरावती अथवा वर्धा-सेवाग्राम येथे न्यावे लागत असल्याने प्रवासाचा वेळ हिशेबात धरणे भाग आहे; लक्षणे उमटण्याची वाट पाहणे येथे शहरापेक्षा अधिक महाग पडते. खर्चाचा भारही कुटुंबावरच येतो, कारण १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील सक्तीचा विमा सायकलला लागू नाही. बेदरकारपणे सायकल हाकणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा ठरू शकते.

शिरस्त्राण, मनगटपट्टे व गुडघ्यांची आच्छादने यांचा उपयोग निश्चित आहे. स्केटिंगच्या शिरस्त्राणाने डोक्याची मागची बाजू अधिक खालपर्यंत झाकली जाते. याहून परिणामकारक उपाय म्हणजे सरावासाठी वाहनांपासून वेगळी जागा. तो पालकांच्या नव्हे, नगरपरिषदांच्या हातचा आहे.

अपघातानंतर मान वेडीवाकडी न हलविता रुग्णास निजवावे, रक्तस्राव दाबून थांबवावा, मोडलेला भाग फळीने स्थिर करावा [⟶ प्रथमोपचार]. पोटाला मार लागला असल्यास वैद्यकीय तपासणी होईपर्यंत खाण्यापिण्यास देऊ नये. दुखावलेल्या सांध्यास तेल लावून चोळण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. कोपराच्या बाबतीत ती विशेष घातक, कारण चोळण्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. वाढीची कूर्चा दुखावलेल्या मुलाच्या हाताची वाढ सरळ होत आहे की नाही, हे प्लास्टर काढल्यावरही निदान वर्षभर पाहावे लागते.