दोन डोळे आणि एक वक्ररेषा

सन १९६३. अमेरिकेतील वुस्टर शहरातील एका विमा कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांचे खचलेले मनोधैर्य सावरायचे होते. काम हार्वे बॉल या चित्रकाराकडे आले. त्याने पिवळ्या वर्तुळात प्रथम केवळ स्मिताची रेषा काढली. परंतु कागद उलटा धरताच हसू रुसव्यात पालटते हे ध्यानी येऊन वर दोन डोळे दिले. दहा मिनिटांचे काम, मोबदला ४५ डॉलर. चित्रावरील हक्क मात्र त्याने नोंदविला नाही. पुढे १९७१ मध्ये फ्रान्समधील फ्रँकलिन लुफ्रानी यांनी तशाच हसऱ्या चेहऱ्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली आणि परवान्यांचा मोठा व्यवसाय उभा केला.

मोबाईलवरील इमोजी याच चेहऱ्याच्या कुळातला. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानच्या डोकोमो कंपनीसाठी १७६ चित्रे केली, तेव्हा प्रत्येकाला अवघी १२ बाय १२ ठिपक्यांची चौकट होती. ठिपक्यांचे चित्र मोठे केले की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. वेक्टर चित्रात ठिपके नसतातच. रेषेच्या वळणाचे गणित साठविलेले असते. म्हणून तेच चित्र व्हिजिटिंग कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर सारखेच रेखीव उमटते. हे गणित रूढ केले ते रेनो मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी. मोटारीच्या बाकदार पत्र्यासाठीची युक्ती हसऱ्या ओठांच्या कामी यावी, ही गंमतच!

इंकस्केप हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यास पुरेसे आहे. कंट्रोल कळ दाबून वर्तुळ काढावे, पिवळा रंग भरावा, एक डोळा काढून त्याची प्रत शेजारी ठेवावी. खरा कस लागतो तो तोंडाच्या रेषेत. तिच्या दोन्ही टोकांना वळण देणाऱ्या दांड्या असतात. दोन्ही सारख्या खाली ओढल्या की निर्मळ हसू. एकच अधिक ओढली की तोच चेहरा मिश्कील होतो. डोळे तंतोतंत सारखे ठेवण्याचा अट्टाहास नको. बॉलच्या चित्रातही एक डोळा किंचित मोठा आहे, आणि चेहऱ्याचा जिवंतपणा बराचसा त्यातच आहे. नवशिके गालांवर छटा नि चकाकी चढवीत बसतात; संदेशातील चिमुकल्या आकारात त्यातले काहीच दिसत नाही.

व्हॉट्सॲपच्या स्टिकरसाठी हे चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमी आणि १०० केबीच्या आत असावे लागते. मूळ एसव्हीजी फाईल मात्र निराळी जपून ठेवावी.

दुकानाच्या पिशवीवर इमोजी छापायचा असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. युनिकोडने चिन्हाला दिलेला क्रमांक सर्वांचा. त्या क्रमांकासाठी ॲपलने काढलेले चित्र मात्र ॲपलचे. गुगलचा नोटो संच खुल्या परवान्याने मिळतो. स्वतः काढलेल्या चित्राचा हक्क आपल्या कायद्यानुसार नोंदणीवाचूनही चित्रकाराकडे असतो. म्हणूनच बाहेरच्या कलावंताकडून चित्र करून घेतल्यास, मोबदला देतानाच तो हक्क दुकानाच्या नावे लेखी करून घ्यावा.