न्हाणीघराची फरशी उखडण्यापूर्वी



गळीत हंगाम संपला, उसाचे बिल हाती पडले, की आपल्याकडे घरांची कामे निघतात. पुष्कळ सभासदांची मुले नागपुरात शिकतात. त्यांच्यासाठी कुणी फ्लॅट घेतला आहे, तर कुणी जुन्या ले-आउटमधले बैठे घर. गावातले घर आपण वडिलांच्या काळापासून ओळखतो. शहरातले घर मात्र विकणाऱ्याने रंग देऊन हाती दिलेले असते, आणि पहिल्या दिवाळीच्या आतच न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर ओल दिसू लागते. मग मिस्त्री येतो, नळवाला येतो, आणि खर्चाला तोंड फुटते.

आमच्याकडे नेमके हेच झाले. देवघराच्या कोनाड्याखाली भिंतीला पोपडे धरले. मी रंग दिला. पावसाळा गेला, पोपडे परत आले. पुन्हा खरडून, लांबी भरून रंग दिला. तिसऱ्या वेळी मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "साहेब, कायले तोडता? आहे त्या टाइलवर टाइल मारून देतो, दोन दिवसांत काम खलास." मला ते स्वस्त वाटले. न्हाणी चकाचक झाली. ओल मात्र जागची हलली नाही, आणि फरशी उंच झाल्याने पाणी उंबऱ्यावरून खोलीत येऊ लागले. मिस्त्री म्हणे नळवाल्याची चूक, नळवाला म्हणे मिस्त्र्याची. खरे तर चूक माझी होती. पाणी कुठून येते हे न शोधताच मी पैसे टाकले.

तेव्हा पहिला प्रश्न हाच : ओल कशाची आहे? ह्याला इंजिनिअर लागत नाही, दोन दिवसांची सबूर लागते. रात्री घरातले सगळे नळ बंद करावेत, छतावरची टाकी भरून घेऊन तिचा व्हॉल्व्हही बंद करावा, आणि पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. पहाटे आकडा पुढे सरकलेला असेल तर मीटरपासून टाकीपर्यंतच्या पाइपात गळती आहे. मीटर जागच्या जागी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा, घरात पाणी न वापरता टाकीची पातळी पाहावी. पातळी उतरली तर भिंतीतला, म्हणजे टाकीकडून खाली येणारा पाइप गळतो. दोन्ही ठीक असतील तर फरशीकडे वळावे. जाळीखालच्या भांड्याचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावे, न्हाणीत दोन बोटे पाणी साठवावे, त्यात कपड्यांची थोडी नीळ कालवावी आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारावी. बाहेरून थोडे पाणी उडून जाईल, त्याची चिंता नको. पण पातळी चांगलीच उतरली, किंवा पलीकडच्या भिंतीला अथवा खालच्या घराच्या छताला निळसर डाग आला, तर फरशीखालचा थर गेला समजा.

ओल किती उंचीवर आहे, हेही पुष्कळ सांगून जाते. जमिनीलगत हातभर ओल असेल तर बहुधा ती फरशीची. नळाच्या उंचीवर गोल डाग असेल तर भिंतीत गाडलेल्या पाइपाचा सांधा. आंघोळीनंतरच वाढणारी ओल सांडपाण्याची, आणि अष्टौप्रहर सारखी राहणारी ओल नळाच्या पाण्याची.

फरशीखालचा थर गेला असेल तर टाइलवर टाइल मारून काही उपयोग नाही. फटींत पांढरा सिमेंट भरूनही चार महिन्यांपलीकडे तग धरत नाही. मन घट्ट करून स्लॅबपर्यंत उखडावे लागते. स्लॅब साफ करून भेगा भराव्यात, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोल वाट काढावी, पाइप स्लॅबमधून जातो तिथे सगळीकडून नीट बुजवावे, कारण गळती नव्वद वेळा तिथेच असते. मग पाणीरोधक लेपाचे दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. हा लेप भिंतीवर निदान फूटभर चढवावा, आणि आंघोळीच्या बाजूला डोक्याएवढा. लेप वाळला की न्हाणीत पाणी भरून दोन दिवस ठेवावे. मिस्त्र्यांना हे दोन दिवस फार जड जातात. "होते जी साहेब, काही नाही होत" असे म्हणून टाइल काढायला लागतात. त्यांना तेवढ्यापुरते थांबवायचे काम आपले. पाणी टिकले तरच वर कोबा आणि कोब्यावर फरशी.

भिंतीतले पाइप बुजवण्यापूर्वीही असेच थांबावे. सगळी तोंडे बंद करून पंपाने दाब द्यावा आणि काटा उतरतो का पाहावे. ह्याच वेळी मोबाइलवर चारही भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजमापाची टेप धरून. पुढे आरसा टांगायला खिळा ठोकताना कुठला पाइप कुठे आहे ते कळते. आमच्या घराचे हे फोटो नव्हते, म्हणून गीझरचा खिळा पाइपात गेला, ही गोष्ट वेगळी.

पाइप कोणता, असे सगळेच विचारतात. जुन्या घरांतले जी.आय.चे पाइप आतून गंजून नळाची धार करंगळीएवढी करतात. भिंत फोडलीच आहे तर ते बदलून टाकावेत. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तिथे सीपीव्हीसी लावावा. छतावर उन्हात पडलेला कुठलाही प्लास्टिकचा पाइप नागपुरात लवकर ठिसूळ होतो. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेव्हा उघड्या पाइपाला निदान पांढरा रंग द्यावा, किंवा तो सावलीत न्यावा.

आता उतार. आपण शेतकरी माणसे, पाटाचा उतार नजरेने ओळखतो; पण न्हाणीच्या उताराकडे कुणी बघत नाही. मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार पुरे. कमी असेल तर पाणी तळे करून बसते, जास्त असेल तर म्हातारे माणूस घसरते. टाइल पक्की होण्यापूर्वी बालदीभर पाणी चार कोपऱ्यांत ओतून बघावे. कुठे थबकले तर टाइल तिथल्या तिथे उचलता येते; नंतर छिन्नी लागते.

जाळीखाली जे भांडे असते त्याला मिस्त्री 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. गंमत अशी, की आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याचे नाव तेच आहे. न्हाणी हा शब्द घरातून हद्दपार होऊन बाथरूम आला, आणि तो जाऊन बसला पुस्तकात! ह्या भांड्यात पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे राहते, आणि तेच गटाराची घाण हवा आणि झुरळे अडवते. उन्हाळ्याच्या सुटीत घर महिनाभर बंद राहिले, की नागपूरच्या हवेत ते पाणी उडून जाते आणि परतल्यावर दार उघडताच दुर्गंधी येते. लोक फिनेलच्या बाटल्या ओततात. खरे तर दोन तांबे पाणी ओतले की काम झाले. निघताना भांड्यात थोडे गोडेतेल सोडले तर त्याचा तवंग पाणी उडू देत नाही.

जमिनीचाही विचार हवा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण घरामागे नंतर काढलेली न्हाणी अशा मातीवर नुसता भराव टाकून उभी केलेली असते. दोन उन्हाळे गेले, की ती मुख्य भिंतीपासून सुटते, भेग पडते, आणि खालच्या सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा निखळतो. वरून कितीही लेप दिले तरी ही भेग पुन्हा उघडणार. काळी माती काढून मुरूम भरून चोपणे, हाच त्याला उपाय. आणि भेग मोठी असेल तर आधी जाणकार इंजिनिअरला दाखवणे. वाढीव न्हाणी बांधायची असेल किंवा भिंत हलवायची असेल, तर महानगरपालिकेची अथवा आपल्या भागात ज्यांचा अधिकार असेल त्यांची परवानगी आधी विचारून घ्यावी.

खोलगट भागात घर असेल तर आणखी एक गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी पाणी दारातूनच येते असे नाही. बाहेरचे गटार तुंबले, की तळमजल्याच्या न्हाणीच्या जाळीतून आणि संडासच्या भांड्यातून घाण पाणी उलटे वर येते. बाहेरच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवली तर ते बरेचसे अडते. दुरुस्ती काढलीच आहे तर हे काम त्यातच करून घ्यावे.

फ्लॅटवाल्यांचे भांडण ठरलेले : वरच्याची न्हाणी गळते, खालच्याचे छत ओले होते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक वाहिन्यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, आणि ज्या सभासदाच्या घरातून आत गळते त्याने स्वतःच्या खर्चाने. संस्था नसून अपार्टमेंट असेल तर तिचे घोषणापत्र पाहावे. सहकारात आपली हयात गेली, त्यामुळे हा मुद्दा सभेत मांडायला आपल्याला जड जाऊ नये. पण आधी निळीचा प्रयोग करून पुरावा घेऊन जावे.

आता ज्यासाठी मुख्यत्वे हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. नागपूरला थंडीही कडक पडते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत न्हाणीघराची खिडकी कुणी उघडत नाही, आणि आत भिंतीवर गॅसचा गीझर धडधडत असतो. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत ती पुरली नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला डोके जड झाल्यासारखे वाटते, पाय लटपटतात, आणि कडी लावलेल्या न्हाणीत ते माणूस बेशुद्ध पडते. दर हिवाळ्याला अशा मृत्यूच्या बातम्या येतात, आणि त्यांत तरुण मुले असतात. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर बसवावा; नळाने फक्त गरम पाणी आत यावे. आधीच आत बसला असेल तर दुरुस्तीच्या वेळी तो बाहेर काढावा, पैसे कमी पडले तर टाइल साधी घ्यावी. आपल्या तांब्याच्या बंबालाही हेच लागू आहे. तो पूर्वी परसात असे, म्हणून आजोबांना काही झाले नाही. पेटता बंब बंद न्हाणीत ठेवू नये.

विजेचा गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे, बटण न्हाणीबाहेर घ्यावे, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा, तो गळतीचा विजेचा झटका क्षणात तोडतो. गीझरच्या सुरक्षा झडपेतून कधी कधी थेंब पडतात, म्हणून तिला बूच मारणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते करू नये.

बोअरच्या पाण्याने टाइलवर पांढरे क्षार चढतात. ते काढायला ॲसिड ओतले तर फटींतला सिमेंटही खाल्ला जातो, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करू नये. क्लोरीन वायू निघतो.

ले-आउटमध्ये गटार नसेल तिथे सेप्टिक टाकी असते. दोन-तीन वर्षांनी ती उपसावी, आणि ती यंत्राच्या गाडीनेच. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कारखान्यातल्या बंद टाकीत उतरताना काय होऊ शकते हे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊक आहे; घरामागच्या टाकीतला वायूही तितकाच मारतो.

माझ्या न्हाणीचे काम शेवटी स्लॅबपर्यंत उखडूनच झाले. पण ते होण्यापूर्वी, त्या चकाचक टाइलवर, आई घसरली. खुब्याचे हाड मोडले. दुकानात टाइल बघताना मी चमक बघितली होती, ओल्या पायाला ती कशी लागेल हे बघितले नव्हते. दुसऱ्या वेळी खरखरीत टाइल घेतली, कमोडशेजारी आणि नळाशेजारी विटांच्या भिंतीत बोल्ट मारून स्टीलचे दांडे बसवले (टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही), दार बाहेर उघडणारे केले आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी लावली. आत माणूस पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

आई दवाखान्यातून आली. वॉकर धरून नवी न्हाणी बघायला गेली. दांडा हलवून पाहिला, नळ सोडून पाहिला. मग म्हणाली, "सगळं केलं रे, पण बसू कुठं?" ते कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मिस्त्र्याला परत बोलावले, आणि नळाशेजारी कोटा फरशीचा, खुर्चीच्या उंचीचा ओटा बांधून घेतला.