चिबाऊ यांचे हस्तांदोलन

ज्याँ-मारी चिबाऊ यांचा जन्म १९३६ साली न्यू कॅलेडोनियातील तिआँदानित या डोंगरातल्या खेड्यात झाला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचा, निकेलच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेला हा द्वीपसमूह फ्रान्सने १८५३ साली ताब्यात घेतला. चांगल्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेल्या आणि मूळच्या कनाक लोकांना राखीव भागांत कोंडले गेले. १९१७च्या उठावात चिबाऊंच्या आजीचा गोळी लागून मृत्यू झाला होता.

चिबाऊ १९६५ साली कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे ते शिकायला फ्रान्सला गेले आणि त्याच सुमारास त्यांनी झगा उतरवला. कनाक माणसाला आपल्याच चालीरीतींची लाज वाटू लागली आहे आणि राजकारणाआधी ही लाज गेली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून १९७५ साली त्यांनी राजधानी नुमेआत ‘मेलानेशिया २०००’ हा महोत्सव भरवला. गावोगावचे कनाक प्रथमच एका ठिकाणी जमले. ज्यांनी त्यात निव्वळ नाचगाणी पाहिली, त्यांचा अंदाज साफ चुकला.

१९७७ साली चिबाऊ येंगेनचे महापौर झाले. त्यांच्या पक्षाने त्याच वर्षी स्वातंत्र्याची उघड मागणी केली. १९८४ साली स्वातंत्र्यवाद्यांची संयुक्त आघाडी उभी राहिली आणि नेतृत्व त्यांच्याकडे आले. आघाडीने निवडणुकीवर बहिष्कार टाकला, रस्ते अडवले. त्या डिसेंबरात येंगेनजवळ दबा धरून बसलेल्या बंदूकधाऱ्यांनी दहा कनाकांना ठार केले. मृतांत चिबाऊंचे दोन सख्खे भाऊ होते. तरीही अडथळे काढण्याचा दिलेला शब्द त्यांनी पाळला. हल्लेखोर मात्र १९८७ साली निर्दोष सुटले.

पुढच्याच वर्षी उवेआ बेटावर कनाकांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात चार पोलीस मारले गेले आणि बाकीच्यांना ओलीस धरून त्यांतल्या अनेकांना गुहेत नेले गेले. फ्रेंच लष्कराच्या कारवाईत एकोणीस कनाक आणि दोन सैनिक मेले. आता यादवी पेटणार, असे दिसत असताना पंतप्रधान मिशेल रोकार यांच्या मध्यस्थीने २६ जून १९८८ रोजी पॅरिसमध्ये मातिन्यो करार झाला. फ्रान्सनिष्ठांचे पुढारी जाक लाफ्लर आणि चिबाऊ यांनी हात मिळवले. स्वातंत्र्याचा कौल दहा वर्षांनी घ्यायचा आणि तोवर कनाक भागांत सत्ता, रस्ते, शिक्षण न्यायचे, असे ठरले. चिबाऊंना ही तयारीची मुदत वाटली. अनेक कनाकांना ती शरणागती वाटली.

४ मे १९८९ रोजी उवेआत त्या एकोणीस जणांच्या सुतकसमाप्तीच्या विधीला चिबाऊ गेले. तिथे जुबेली वेआ या माजी पाद्र्याने त्यांना आणि त्यांचे सहकारी येवेने येवेने यांना गोळ्या घातल्या. चिबाऊंच्या अंगरक्षकाने वेआला जागीच ठार केले.

ठरलेला कौल १९९८च्या नुमेआ कराराने लांबणीवर पडला. २०१८ आणि २०२० साली तो झाला, तेव्हा स्वातंत्र्याविरुद्ध अनुक्रमे ५६.७ आणि ५३.३ टक्के मते पडली. २०२१च्या तिसऱ्या कौलावर स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला. नुमेआच्या मुख्य चौकात १८७८चा कनाक उठाव चिरडणाऱ्या फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा होता. तो हटवून २०२२ साली तिथे चिबाऊ आणि लाफ्लर यांच्या हस्तांदोलनाचे शिल्प बसवण्यात आले.