श्वान-मार्जारांतील जिवाणूजन्य आजार : निदान आधी, प्रतिजैविक नंतर

बेंगळुरूमध्ये हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून जवळच येलहंका परिसरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पशुरोग जानपदिक व माहितीशास्त्र संस्था, म्हणजेच ‘निवेदी’, कार्यरत असून लेप्टोस्पायरोसिससारख्या प्राणिजन्य रोगांचा अभ्यास तेथे होतो. अशा सुविधा असलेल्या शहरातही तपासणीविना, उरलेल्या गोळ्यांवर पाळीव प्राण्यांचे उपचार होऊ शकतात. औषध कोणते व किती दिवस द्यावे, हे मात्र रोगकारक जिवाणू आणि संसर्गाचे स्थान यांवरून ठरते.

ताप एक, कारणे वेगळी

बेंगळुरूच्या सौम्य हवामानात तपकिरी श्वान-गोचीड वर्षभर तग धरू शकते. तिच्या दंशातून पसरणारा एर्लिकिया जिवाणू श्वानाच्या पांढऱ्या पेशींत वाढतो. ताप, भूक मंदावणे, रक्तबिंबिका घटणे व क्वचित नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे होत. येथे पेनिसिलीन गटातील औषधे निरुपयोगी ठरतात. डॉक्सिसायक्लीन सुमारे २८ दिवस द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि अनेकदा तेथेच औषध थांबवले जाते. अशा वेळी जिवाणू शरीरात टिकून आजार जुनाट होण्याचा व अस्थिमज्जा बाधित होण्याचा धोका राहतो.

लेप्टोस्पायरोसिसमध्येही आरंभी ताप व मरगळच दिसते. पुढे कावीळ व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पावसाळी पाणी हे त्याचे प्रमुख उगमस्थान होय. या रोगावर पेनिसिलीन गटातील औषधे उपयुक्त ठरतात, तथापि मूत्रपिंडातील जिवाणू नाहीसे करण्यासाठी डॉक्सिसायक्लीन साधारण दोन आठवडे द्यावे लागते. बाधित श्वानाच्या मूत्रातून माणसांना व गोठ्यातील जनावरांनाही संसर्ग होऊ शकतो. म्हणून श्वानांचे वार्षिक लसीकरण महत्त्वाचे आहे.

त्वचा व मूत्रमार्ग

श्वानांच्या त्वचेवरील पुळ्या बहुधा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस या जिवाणूमुळे होतात. संसर्ग वरवरचा असल्यास क्लोरहेक्सिडीनयुक्त शाम्पूने अनेकदा काम भागते. ॲलर्जी, गोचीड वा पिसवा हे मूळ कारण कायम राहिल्यास पुळ्या पुन्हा येतात. प्रत्येक वेळी नवे प्रतिजैविक देत गेल्यास मेथिसिलिनला न जुमानणारे जिवाणू बळावतात. अशा वेळी जिवाणू-संवर्धन व प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणी अपरिहार्य ठरते.

मूत्रमार्गाच्या संसर्गात ई. कोलाय अधिक आढळतो. साध्या संसर्गास तीन ते पाच दिवसांचा उपचार पुरेसा असतो. तरुण मांजरांना लघवीचा त्रास झाल्यास मात्र बहुतेक वेळा जिवाणू सापडतच नाहीत आणि प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. बोक्याची लघवी पूर्ण अडल्यास ती आणीबाणी समजून तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

मांजरांबाबत विशेष दक्षता

श्वानाचे औषध मांजरास परस्पर देऊ नये. एन्रोफ्लॉक्सॅसिनची मात्रा दररोज प्रतिकिलो वजनास ५ मिलिग्रॅमहून अधिक झाल्यास डोळ्यांच्या पडद्यास इजा होऊन अंधत्व येऊ शकते. डॉक्सिसायक्लीनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण होतो. म्हणून गोळीपाठोपाठ थोडे पाणी पाजावे.

प्रश्न घराबाहेरचाही

पाळीव प्राण्यांना दिली जाणारी बहुतांश प्रतिजैविके माणसांच्या उपचारांतही वापरली जातात. एकाच घरात वावरताना प्रतिरोधी जिवाणूंची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होते. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. घरच्या श्वान-मार्जारांबाबत मात्र प्रतिजैविकांच्या विवेकी वापराची भिस्त मुख्यतः पशुवैद्यक व पालक यांच्यावरच आहे.

पालकांनी लक्षात ठेवावे

• प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त, मूत्र वा पू यांचा नमुना तपासणीस द्यावा.
• मात्रा वजनानुसार व ठरलेल्या वेळीच द्यावी. पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना औषध थांबवू वा लांबवू नये.
• उरलेल्या किंवा माणसांच्या गोळ्या प्राण्यांना देऊ नयेत.
• गोचीड व उंदीर यांचे नियंत्रण वर्षभर करावे.
• आजारी श्वानाचे मूत्र स्वच्छ करताना हातमोजे वापरावेत.